नागोजीचं तपेलं

मी खोटं बोलले. आधीच सांगून टाकते, मागनं कुणी म्हणायला नको की शालूबाईनं लपवलं. बोलले ते बी मारुतीच्या देवळात, सगळ्या गल्लीसमोर, आणि निपाणीच्या एका प्रोफेसरानं ते वहीत लिहून घेतलं. पण ती वेळ माझ्यावर आणली महादेव आप्पानं. तेवढं बी लिहून ठेवा म्हणावं.

आमची आडाची गल्ली. बेळगावात असली तरी निम्म्या घरांची शेती अजून येळ्ळूरच्या अंगाला, आणि पोरं मच्छेच्या कारखान्यात. मारुतीच्या मागं एक खोली हाय, तिच्यात पंचांची भांडी. तपेली, पराती, घागरी, भाताचे झारे. गल्लीत लग्न असू दे न्हायतर बारावं, भांडी तिथनंच जायची. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव घातलेलं. त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला.

गेल्या दोन वर्षांत आमच्या गल्लीला इतिहासाचा रोग लागला. लावला तेजस्वीनं. ही महादेव आप्पाची नात, टिळकवाडीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. पोरगी गुणाची हाय, उगंच नाव ठेवणार न्हाय मी. दर रविवारी ती टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या धरलेली वीस-पंचवीस माणसं घेऊन येते आणि त्यांना गल्ली दाखवते. ज्या आडात आम्ही इतकी वर्षं निर्माल्य आणि फुटक्या चपला टाकल्या, त्याचे लोक वाकून वाकून फोटो काढतात. एकानं तर माझाच फोटो काढला. मी मिरच्या वाळत घालत होते. म्हटलं, बाबा, मी काय एवढी जुनी न्हाय अजून!

तर देवळाशेजारी नवं सभागृह बांधून झालं आणि नाव काय द्यायचं म्हणून पंचांची बैठक बसली. महादेव आप्पा पंचांचा अध्यक्ष. कारखान्यातनं रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण अजून चालतो असा की शिफ्टला उशीर झालाय. बैठकीत तो उठला आणि म्हणाला, खोलीतलं सगळ्यात मोठं तांब्याचं तपेलं बघा. त्यावर नाव हाय, नागोजी भरमू, शके १८४७. म्हणजे आमचे आजोबा. गल्लीला पहिलं भांडं त्यांनी दिलं. तेव्हा सभागृहाला नाव त्यांचंच पाहिजे. दानशूर नागोजी भरमू सभागृह. दगड सांगून बी टाकला. वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हीकडं नागोजीच.

मला ते कळलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच टाकलं आणि उठले. दानशूर म्हणे! ते तपेलं दानाचं न्हवतंच. ते दंडाचं होतं.

हे मला सांगितलं माझ्या आजेसासूनं, नागुबाईनं. तिचा नवरा गेला तेव्हा ती बावीस वर्षांची. पदरात एक पोरगा आणि येळ्ळूरकडं भाताचं थोडं रान. तिच्या खालच्या अंगाला नागोजीचं रान. हा बाबा रोज हिचा बांध फोडून पाणी आपल्यात घ्यायचा. हिनं पंचांना सांगितलं, तर पंच सगळे त्याचेच भाऊबंद. म्हणाले, खेकड्यांनी पोखरला असेल बांध. नागोजीनं मारुतीपुढं हात वर करून सांगितलं, तुझ्या रानातलं थेंबभर पाणी माझ्या रानात आलेलं न्हाय.

मग आली जत्रा. सगळी गल्ली पंगतीला बसलेली, आणि नागोजी तेवढा "आलोच" म्हणून गायब. नागुबाई वाटच बघत होती. तिनं सकाळीच आपल्या रानातल्या पाण्यात भिंती सारवायची लाल काव टोपलीभर कालवून ठेवलेली. ती पंगतीत शिरली आणि पंचांना म्हणाली, उठा, खरकट्या हातानं चला माझ्याबरोबर. बाई एवढी ओरडली की ते उठले बी. जाऊन बघतात तर नागोजीचं सगळं रान लालभडक, आणि मधी नागोजी, गुडघ्यापर्यंत रंगलेला.

पंचांनी दंड केला. देवळाला हे एवढं तपेलं द्यायचं आणि त्यावर स्वतःचं नाव घालायचं, म्हणजे जन्मभर लक्षात राहील. आता बघा गंमत. दंड सगळे विसरले, नाव तेवढं राहिलं. शंभर वर्षांनी चोर दानशूर झाला, आणि जिनं त्याला धरला तिचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक न्हाय.

नागुबाईला काय मिळालं हो आयुष्यात? ना नवरा, ना सुख, ना कुणी तिला कधी हारबीर घातला. हा एक दिवस तिचा. मी नवी नवरी होते तेव्हा आम्ही दोघी ते तपेलं राख-चिंचेनं घासायचो, आणि दरवेळी ती म्हणायची, "ह्याला जरा जोरात घास गं." आणि मग सगळी कथा पहिल्यापासनं. आता ती ठाऊक असलेली मी एकटीच उरले. दगडावर दानशूर चढला की तिचा तो एक दिवस बी गेला.

म्हणून मी आधी सरळ महादेव आप्पाच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "शालूवैनी, पुरावा हाय काय? कागद? फोटो?"

"नागुबाईनं सांगितलंय."

"म्हाताऱ्या बायका चुलीपुढं बसून काय बी सांगत्यात. त्याला इतिहास म्हणत न्हाईत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब बाबा, तुला इतिहासच दाखवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली उघडून बसले. तपेलं बघताना ध्यानात आलं, ते चुलीवर सरळ ठेवलं की त्यावरचं नाव डोक्यावर उभं राहतं. पालथं घातलं की वाचता येतं. त्यात काय विशेष न्हाय. नाव घालणारा भांडं मांडीवर घेऊन बसतो, त्याला जसं सोयीचं तसं घालतो. आणखी सात-आठ भांड्यांची नावं तशीच निघाली, बाकीची सरळ. मी ती सात-आठ उचलली, माळ्यावर टाकली आणि वर पोती झाकली. सरळ नावाची पुढं मांडली, घासून लख्ख करून. कंबर धरली दोन दिवस, पण काम फक्कड झालं.

रविवारी देवळात कार्यक्रम. तेजस्वीनं मोठा फलक लावलेला, आमची गल्ली, आमचा वारसा. निपाणीहून दीपंकर सर आलेले पाहुणे म्हणून. कॉलेजात शिकवतात, जुन्या वस्तूंचा अभ्यास करतात. हसतमुख माणूस. येताच म्हणाले, "आमच्या आजोबांना या भांड्यांतला भात पंगतीत बसून खायला कुणी दिला नसता. म्हणून मला यांच्यात जास्तच रस." दोन-चार जण खाली बघायला लागले. मला माणूस आवडला.

महादेव आप्पा फेटा बांधून उभा. तपेलं टेबलावर पालथं घातलेलं, वर झेंडूचा हार, नाव कसं समोर झळकतंय. तेजस्वीनं सांगितलं, संध्याकाळपर्यंत दगडाचा मजकूर पक्का करून द्यायचाय.

मी पदर खोचून पुढं झाले. "आप्पा, प्रसादाचा भात कशात शिजवू? वारशाच्या दिवशी वारशाच्याच भांड्यात शिजवायला नको?"

"व्वा, आज्जी!" तेजस्वी टाळी वाजवून म्हणाली. आप्पाला मान हलवावी लागली. चौघांनी धरून तपेलं सरळ केलं. हार घसरून खाली पडला आणि नागोजी भरमू डोक्यावर उभे राहिले.

दीपंकर सरांनी मान वाकडी केली. "नाव असं कसं काय?"

मी म्हटलं, "असं म्हंजे? दंडाचं भांडं हाय न्हवं. दानाच्या भांड्यावर नाव सरळ घालत्यात, दंडाच्या भांड्यावर डोक्यावर उभं. आमच्या गल्लीची रीतच हाय ती."

सरांनी वही उघडली. मग मी नागुबाईची कथा सांगितली, खेकड्यांपासनं कावेपर्यंत. ती अक्षर न् अक्षर खरी होती. सर भराभर लिहीत होते. "आज्जी, ही रीत मी कुठंच वाचली न्हाय! परत एकदा सांगा." मी परत सांगितली, आणि दुसऱ्या खेपेला तिला जरा मसाला लागला. म्हटलं, दंड झालेल्याच्या घरच्यांनीच ते घासायचं, म्हणजे पालथं घातलं की नाव नेमकं त्यांच्या तोंडापुढं. मी एवढी हुशार हाय हे मला बी त्या दिवशीच कळलं.

आप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं. "काय बी बोलू नका! बाकीची भांडी बघा!"

"बघा की," मी म्हटलं. "कोण नको म्हणतंय?"

तेजस्वी स्वतः खोलीत गेली. एकेक भांडं फिरवून बघून आली ती गंभीर होऊन. "आजोबा, बाकी सगळ्यांची नावं सरळ आहेत." आणि तिनं दगडवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला. मी मनात म्हटलं, नागुबाई, बघ गं, जिंकलो आपण.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ह्या पोरीला सगळं पूर्ण पाहिजे. तिनं आठवडाभर आधी गल्लीच्या व्हॉट्सअपवर टाकलेलं की ज्यांच्या घरात पंचांची भांडी राहिली असतील त्यांनी रविवारी आणून द्यावी, कुणी काय विचारणार न्हाय. मला वाटलेलं, कोण आणतंय? नेलेलं भांडं परत न करणं ही आमच्या गल्लीची खरी रीत. पण लागली की हो माणसं यायला! कोण पदराखाली झाकून, कोण पिशवीत घालून. एकीनं तर घागर आणली तिच्यात अजून तुळस लावलेली.

त्यात मष्णू अण्णा एक पातेलं घेऊन आले. गरीब माणूस, कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. पातेल्यावर त्यांच्या वडलांचं नाव, जोतिबा. आणि नाव डोक्यावर उभं.

"अरे तिच्या! जोतिबा तात्यांनी काय केलंतं?" कुणीतरी ओरडलं. लगेच दुसरा म्हणाला, म्हशी सोडल्या असतील कुणाच्या तरी उसात. तिसरा म्हणाला, न्हाय, न्हाय, कोंबडी. सगळं देऊळ हसायला लागलं. मष्णू अण्णा तसेच पातेलं धरून उभे. हळूच मला म्हणाले, "आक्का, माझा बा असा न्हवता गं."

मला त्यांच्याकडं बघवेना. पण तोंड उघडलं न्हाय. म्हटलं, एकदा दगडाचं होऊ दे, मग अण्णांना घरी बोलवून खरं काय ते सांगू. बघा माझी अक्कल.

तेवढ्यात आली मनुबाई, म्हणजे महादेव आप्पाची बायको. हातात ही एवढी पितळेची परात. लाजून म्हणाली, "पोराच्या लग्नात नेली होती. म्हंजे तेजस्वीच्या बापाच्या. राहूनच गेली." तीस वर्षं ह्यांनी तीत पीठ मळलं आणि म्हणे राहून गेली!

तेजस्वीनं परात फिरवली, मान वाकडी केली आणि वाचलं. "नागुबाई. शके १८९८, वैशाख."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दीपंकर सर पुढं आले. "ह्याच नागुबाई? आणि नाव डोक्यावर! म्हणजे पुढं त्यांना बी दंड झाला?" त्यांनी हिशेब केला. "१९७६ साली. तेव्हा वय त्र्याहत्तर!"

आता काय विचारता! गल्लीला नुसता ऊत आला. म्हातारीनं सत्तरीत काय दिवे लावले? कुणी म्हणालं, लोकांची लोणची पळवली असतील. कुणी म्हणालं, तिनं बी बांध फोडला असेल, नागोजीचं उट्टं काढायला. महादेव आप्पा पहिल्यांदा हसला, फेटा सारखा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काय शालूवैनी? तुमच्या रीतीनं दंडच की!"

मी वाकून ते साल परत वाचलं. कारण मला ते साल ठाऊक होतं आणि तो महिना बी. शके १८९८ च्या वैशाखात माझं लग्न झालं. अक्षता पडल्या त्याच मांडवात पंगत बसली. घरात दोन वेळची मारामार, आणि ह्या बाईनं नातसून आली म्हणून देवाला परात दिली. कुठनं दिली असेल? तिच्या हातात चांदीच्या पाटल्या होत्या म्हणे, मी त्या कधी बघितल्या न्हाईत.

आता दोनच वाटा. गप बसले तर नागोजीचा दगड अडतो, पण नागुबाई कायमची दंडवाली होते, प्रोफेसरच्या वहीत, छापून. आणि मष्णू अण्णांचा बाप बी. खरं बोलले तर माझा पुरावा गेला, आप्पाचा आजा दानशूर, आणि शालूबाईची सगळ्या गल्लीत शोभा.

"सर, ते खोडा," मी म्हटलं.

"काय खोडू, आज्जी?"

"सगळं. रीतबीत काय न्हाय. ती मी केली. माळ्यावर पोत्याखाली आणखी सात-आठ भांडी हाईत असल्या नावाची, मीच लपवली. नाव घालणारा जसा बसेल तसं नाव पडतं. मष्णू अण्णा, तुमच्या बानं काय केलं न्हाय, देवमाणूस होता तो. आणि नागुबाईनं ही परात दिलीया. दंड न्हवं. माझ्या लग्नात दिलीया." एवढं बोलून मला रडायलाच आलं. "पाण्याची कथा तेवढी खरी हाय. पण तिला पुरावा न्हाय. लिहा न्हायतर नका लिहू."

कुणी हसलं न्हाय. तेजस्वी माझ्याकडं अशी बघत होती की तिनंच चोरी केलीया. मी महादेव आप्पाची वाट बघत उभी. म्हटलं आता हा तपेलं परत पालथं घालणार, हार चढवणार आणि माझ्या नाकावर टिच्चून भाषण करणार. करू दे, मी त्याच लायकीची.

आप्पानं फेटा काढला. परातीवरच्या नावावरनं बोट फिरवलं. मग नातीला म्हणाला, "आपल्या येळ्ळूरच्या रानाला काय म्हणतात गं?"

"कावेचा वाफा."

"का म्हणतात?"

"तुम्ही कधी सांगितलं न्हाय."

"आज्यानं मला सांगितलंय. लहान होतो, बांधावर बसवून सांगितलं, आणि वर म्हणाला, कुणाला सांगू नको." आप्पा सगळ्यांकडं वळला. "वैनी सांगतात ते सगळं खरं हाय. मला पहिल्यापासनं ठाऊक होतं."

"आजोबा!" तेजस्वी एवढंच म्हणाली. तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला त्याची दया आली. आली म्हणजे आलीच, काय करू? खोटारडे आम्ही दोघं बी.

दीपंकर सरांनी वहीतलं एक पान फाडलं आणि दुसऱ्यावर लिहायला लागले. संध्याकाळी दगडाचा मजकूर गेला तो नुसता आडाची गल्ली सभागृह, दोन्ही भाषांत. तपेल्याखाली तेजस्वीनं पाटी लावली, त्यात नागोजीचा दंड आणि नागुबाईचा शहाणपणा, दोन्ही. आप्पानं ती स्वतः वाचून बघितली आणि एक काना राहिलेला दाखवला.

पण ते सगळं मागनं. तेव्हा मी मनुबाईच्या हातातनं परात घेतली आणि तिथंच फरशीवर बसले, मांडीवर घेऊन. मला अक्षरं आली ती चाळिशीच्या पुढं, शाळेत पोरांचं बिसीऊट, म्हंजे दुपारचं गरम जेवण, शिजवायला लागले तेव्हा. त्याच्या आधीच परात मनुबाईकडं गेली; तोवर अठरा वर्षं ती खोलीत होती. प्रत्येक लग्नानंतर मी तिला घासली असणार. नागुबाई शेजारी बसलेली असणार, तपेल्याकडं बोट दाखवून मला नागोजीची कथा सांगत, आणि तिचं स्वतःचं नाव माझ्या हाताखाली. त्याबद्दल ती एका शब्दानं बोलली न्हाय.

"म्हातारे," मी सगळ्यांदेखत परातीला म्हटलं, "त्याचा दंड शंभर वेळा सांगितलास. हे एकदा सांगायला काय झालंतं गं तुला?"